पैंजणीची नात

थोरलीने तांबडीचा पुढचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि घोडीने तो असा हिसकला, की थोरलीच्या हातातली पक्कड उडून भिंतीवर आदळली.

असं आजवर कधी झालं नव्हतं. ही घोडी मागायच्या आत पाय उचलून द्यायची. मागे एकदा तर नाल ठोकून घेता घेता तिला डुलकी लागली होती आणि सगळं ओझं थोरलीच्या पाठीवर टाकून ती उभ्या उभ्या चक्क घोरली होती. आज तिचे कान मागे चिकटलेले होते, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं आणि छातीचं कातडं माशी बसल्यासारखं थरथरत होतं. माशी मात्र कुठे नव्हती.

"अगं मी आहे, मी," थोरली म्हणाली आणि तिच्या मानेवर तळवा ठेवून थांबली.

मग तिने खाली वाकून नीट पाहिलं. पुढच्या दोन्ही पायांना, खुराच्या वर आणि घोट्याच्या खाली, निळ्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. अगदी व्यवस्थित, एकावर एक वळसे देऊन. तिच्या धाकट्या भावाने आयुष्यात इतकी व्यवस्थित गोष्ट एकही केली नव्हती.

धाकटा दारातच उभा होता. पायात गुडघ्यापर्यंतचे चकाकते बूट. त्याला कामापेक्षा कामाचे कपडे जास्त आवडत, आणि ते त्याला शोभतही असत. दोन्ही हातांत त्याने एकेक नाल धरला होता. नाल कसले, तव्याएवढं जाड लोखंड होतं ते.

"ती पट्टी राहू दे, ताई. तू फक्त नाल बदल. पुढच्या पायांना हे ठोक."

"कशाची पट्टी आहे?"

"आधाराची. कोवळे पाय आहेत अजून."

"पाच वर्षांच्या घोडीचे?"

तिने एप्रनच्या खिशातून सुरी काढली.

"ताई, चार वाजता गिऱ्हाईक येतंय. आता उगाच ते सोडत बसू नकोस."

पट्टी सुटली तसा आधी रॉकेलचा वास आला आणि त्याच्यामागून दुसरा एक, नाकात झोंबणारा. पट्टीच्या आत प्लास्टिकचा कागद होता, औषध पट्टीत जिरू नये, कातडीतच मुरावं म्हणून. कागद सोलून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर केसही निघून आले. खालची कातडी लालभडक, ओली, सुजलेली होती. त्या सुजेत आडवी एक खाच गोल फिरली होती, कडी, कडी, कडी. साखळीच्या कड्या मोजता आल्या असत्या.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षं ती घोड्यांचे खूर तासत होती. कुजलेले खूर, फाटलेले खूर, अडाणी माणसांनी चुलीच्या राखेने बुजवलेले खूर, सगळं तिने पाहिलं होतं. पण ते अडाणीपणाने झालेलं असायचं. इथे कुणीतरी मन लावून, वेळ देऊन काम केलं होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

धाकट्याने दोन्ही नाल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

"चाल येत नव्हती तिला," तो म्हणाला.

चाल म्हणजे रवाल चाल. साधा घोडा धावायला लागला की त्याचे पाय जोडीने पडतात. मागचा एक आणि पुढचा एक, टप, टप. दोनच ठेके, हीच दुडकी, आणि त्या दोन ठेक्यांवर वरचा माणूस पोत्यासारखा उसळतो. रवाल घोड्याचे चारही पाय एकेकटे पडतात, सारख्या अंतराने. वेग धावण्याचा आणि शिस्त चालण्याची. एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पाठ हलत नाही. पाठीचं दुखणं असलेली माणसं, म्हातारी माणसं, बैठी माणसं अशा घोड्यासाठी वाट बघत बसतात. या तबेल्याचं सगळं नाव त्या चार टापांवर उभं होतं, आणि ते मिळवून दिलं होतं तांबडीच्या आजीने, पैंजणीने. बाबांनी तबेल्यासमोरची वाट मुद्दाम दगडी फरशीची केली होती, चारही टापा घरापर्यंत स्वच्छ ऐकू याव्यात म्हणून. मातीवर चाल दिसते, दगडावर ती ऐकू येते, असं ते म्हणत.

"येत नव्हती म्हणून हे?"

"तू रोज इथे असतीस तर कळलं असतं. वर्षभर मी डोकं आपटतोय. दोन पावलं नीट टाकते आणि तिसऱ्याला दुडकी. पैंजणीची नात आणि दुडकी! लोक हसायला लागले होते. आता साखळी घातली की पाय कसे उचलते बघ. झोंबतं ना, म्हणून पाय खाली टेकवतच नाही जास्त वेळ. एकेक पाय वेगळा उचलते. चार टापा, घड्याळासारख्या."

"झोंबतं ना," थोरली म्हणाली.

"चार दिवस झोंबतं. मग बरं होतं."

"तुझ्या पोटऱ्यांना रॉकेल चोळू का? वरून साखळी बांधते आणि चालवते तुला फरशीवर. बघू तुझी चाल कशी पडते."

"ताई, नीट बोल."

"नीटच बोलतेय. नीट बोलत नसते, तर तो नाल आत्ता तुझ्या डोक्यात असता."

धाकटा एक पाऊल मागे सरला. लहानपणी तिने त्याला एकदा खरोखरच पाण्याच्या हौदात बुडवलं होतं, आणि ते दोघांनाही आठवत असावं. पण तो गेला नाही. हुज्जत घालायची असली की तो खालच्या आवाजात बोलायचा, समजूतदार असल्यासारखा. आत्ताही त्याने तोच आवाज काढला.

"आज सकाळी बाबांनी ऐकली चाल. व्हरांड्यात बसले होते. मी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला म्हणाले, आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा माणूस हसला, ताई."

थोरली बादली घेऊन नळापाशी गेली.

बाबांची दृष्टी गेल्याला आठ महिने झाले होते. आधी धुकं, मग सावल्या, मग काहीच नाही. त्याआधीची चाळीस वर्षं ते चाबूकस्वार होते. घोडा फिरवून तयार करणाऱ्याला तसंच म्हणतात, पण बाबांच्या हातात चाबूक कुणीच पाहिला नव्हता, आणि त्यांची ख्याती त्यातच होती. मारत नाही, ओरडत नाही, नुसतं ऐकतो आणि घोड्याच्या अंगातली चाल बाहेर काढतो, असं लोक सांगत. आता ते वेताच्या खुर्चीत बसून फरशीवरच्या टापा ऐकत. ऐकताना त्यांची चार बोटं खुर्चीच्या हातावर एकामागून एक पडत. कुठल्या घोड्याचा कुठला पाय उशिरा पडतोय हे ते बोटांवरून सांगत, आणि ते बरोबर असे.

तिने पाणी आणलं. तांबडीचे दोन्ही पाय तिने धुतले, हाताने पाणी सोडून सोडून. पहिल्यांदा घोडी मागे सरकली. मग गार पाणी लागलं तशी थांबली, मान खाली घातली आणि स्वतःच दोन्ही पाय बादलीत घालायचा प्रयत्न करायला लागली. बादली उलटली.

"अगं थांब. आणते आणखी," थोरली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग आला.

ही घोडी तिची होती. शिंगरू जन्मताना उलटं अडकलं होतं आणि थोरलीने खांद्यापर्यंत हात घालून ते सोडवलं होतं. त्या दिवशी बाबांनी सगळ्यांसमोर कागदावर तिचं नाव घालायला लावलं. घोडी राहिली तबेल्यातच, कारण थोरलीच्या घरामागे नुसतं गवताचं रान होतं. पण कागद तिच्याकडे होता. आज धाकट्याने तिला बोलावलं होतं ते नाल ठोकायला आणि त्या कागदावर सही करायला.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि ते वजनदार नाल मी ठोकणार नाही. तुला आयुष्यात पुन्हा घोड्याला हात लावू देणार नाही. आत जाऊन सांगते बाबांना, त्यांच्या तबेल्यात काय चाललंय ते."

"सांग."

"सांगणारच आहे."

"अगं सांग ना. मी शिकलो कुठून, तेही विचार."

थोरली हातातली पट्टी पिळत होती. ती थांबली.

"साखळी काय मी बाजारातून आणली? बाबांच्या पेटीत होती. कापडात गुंडाळलेली, तेल लावून ठेवलेली. त्यांनीच सांगितलं पेटी उघड म्हणून. औषध किती लावायचं, कागद किती वेळ ठेवायचा, सगळं त्यांनीच सांगितलं."

"खोटं बोलू नकोस."

"खोटं बोलून मला काय मिळणार आहे?"

"आंधळ्या माणसावर ढकलतोयस? लाज नाही वाटत?"

त्याने खांदे उडवले. मग जणू भांडण मिटलंच आहे, आता व्यवहाराचं बोलू, अशा सुरात तो म्हणाला, "आणि एक बघ. तिला पैंजणही येतील आता. गिऱ्हाईक तेच विचारत होतं, आजीसारखे पांढरे पैंजण नाहीत का हिच्या पायांना. म्हटलं, वयात आली की येतील. चार-पाच महिन्यांत येतील बघ."

"पैंजण? जन्मतः नसले तर नंतर कुठून येणार?"

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. उलट त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"जखम झाली की तिथे पांढरे केस येतात ना, ताई," तो म्हणाला. "तूच तर सांगत असतेस सगळ्यांना."

खरं होतं ते. ती सांगत असे. कुणी नवा घोडा घेऊन आलं आणि त्याच्या पाठीवरचा पांढरा डाग कौतुकाने दाखवायला लागलं, की ती म्हणायची, हा डाग जन्माचा नाही, इथे खोगीर लागलंय, जखम भरली की केस पांढरे उगवतात, फसू नका. शंभर जणांना तरी तिने हे सांगितलं असेल. मागच्या आठवड्यातही सांगितलं होतं.

आणि तबेल्याच्या फाटकावरच्या पाटीवर दोन काळे पाय होते, प्रत्येकावर एक पांढरी कडी. तिच्या स्वतःच्या गाडीच्या दारावरही तेच चित्र होतं. तिच्या हातोडीच्या दांड्यावर तिने चाकूने दोन गोल कोरले होते, आपली खूण म्हणून.

काळी कुळकुळीत पैंजणी. पुढच्या दोन्ही पायांना घोट्याखाली पांढऱ्या केसांची गोल रेघ, मापून काढल्यासारखी. तिच्या वंशात पुन्हा कुणालाही पैंजण आले नाहीत. तीन शिंगरं झाली, त्यांची पुढची झाली, सगळ्यांचे पाय बाबा जन्मल्या जन्मल्या चाचपून बघत. आणि म्हणत, नाहीत, नशिबात लागतं. थोरलीही वाकून बघायची. तांबडीच्या वेळीसुद्धा, खांद्यापर्यंत हात लडबडलेला असताना, तिने आधी तिचे पायच बघितले होते.

तिने हातोडी उचलली, दांड्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेटीत टाकली. मग तांबडीच्या गळ्यातली दोरी सोडून हातात घेतली.

"कुठे नेतेस?"

"बाजूला हो."

तबेल्यापासून व्हरांड्यापर्यंत तीस-चाळीस पावलं होती. तांबडी दगडावर पाय ठेवताना कचरत होती. बाबांनी टापा ऐकल्या आणि मान वर केली. गळ्याशी बटण लावलेला स्वच्छ सदरा, भांग पाडलेले केस. आंधळा झाल्यापासून म्हातारा पूर्वीपेक्षा जास्त नीटनेटका राहायला लागला होता.

"चिमणे, तू का?" ते म्हणाले. तिचं वजन काहीच नसे तेव्हापासून ते तिला चिमणी म्हणत. "नाल ठोकून झाले? उजवा पुढचा उशिरा टाकतेय. नाल सैल असेल बघ."

"नाल सैल नाही."

"मग?"

"बघा तुम्हीच."

तिने घोडीला खुर्चीच्या अगदी जवळ आणून उभं केलं. डोळे गेल्यापासून बाबा तांबडीला हात लावायला उठले नव्हते. कुठलाही माणूस घोडा जवळ आला की तोंडावर हात ठेवतो, नाहीतर मानेवर. बाबांनी हात पुढे केला, तिच्या खांद्याला लावला आणि तो तसाच सरळ खाली नेला. गुडघ्यावरून, घोट्यावरून, आणि नेमका खुराच्या वर बोटभर आणून थांबवला. जखमेला त्यांनी हात लावला नाही. एका केसाच्या अंतरावर बोटं धरली, तिथून येणारी ऊब बघितल्यासारखी.

"जास्त वेळ ठेवलंय गाढवाने," ते पुटपुटले. "सांगितलं होतं त्याला."

थोरलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

तांबडीने एक पाय उचलून अधांतरी धरला.

"पैंजणीलाही?" तिने विचारलं.

बाबांनी सदऱ्याचं गळ्याशी लावलेलं बटण चाचपलं.

"तेव्हा सगळेच करत होते," ते म्हणाले.

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

"तुला काय वाटतं, नुसतं ऐकून चाल येते? घोडी चांगली होती. अंगात होती तिच्या चाल. पण यायला तीन वर्षं लागली असती. तीन वर्षं मला कोण देणार होतं? आज आहे हे सगळं, हा तबेला, तुझं नालबंदीचं शिक्षण, ते कशावर झालं?"

"तुम्ही मारत नाही म्हणून लोक पाया पडायचे तुमच्या."

"मारलं नाही मी तिला. कधीच नाही."

ते त्यांनी इतक्या खरेपणाने म्हटलं, की थोरलीला ओरडावंसं वाटलं. तिने दोरी हाताला गुंडाळली आणि घट्ट आवळली.

"मी बसायचे तिच्यावर," ती म्हणाली.

"हो ना." बाबांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, विषय बदलला. "अकरा वर्षांची होतीस. हातात काठोकाठ भरलेला ग्लास. पूर्ण फेरी मारलीस आणि थेंब सांडला नाही. तो फोटो आहे अजून आत. लोक उभे राहिले होते, चिमणे."

तो दिवस तिला पाठ होता. ग्लासातलं पाणी काठाला लागून थरथरत होतं आणि सांडत नव्हतं. खाली चार टापा, सारख्या, आणि तिला वाटत होतं, ही घोडी माझ्यासाठी इतकी हळुवार चालतेय, मला सांभाळून नेतेय. फेरी संपल्यावर बाबांनी तिला खोगिरावरून अलगद उचललं, खांद्यावर बसवलं आणि तसंच लोकांमधून घरापर्यंत नेलं. फक्त त्याच दिवशी नाही. रोजच. तिचे पाय त्यांनी कधी जमिनीला लागू दिले नाहीत. फेरी संपली की खोगिरावरून खांद्यावर आणि खांद्यावरून थेट व्हरांड्यात. मोठी झाली, जड झाली तरी. शेजारच्या पोरी हेवा करायच्या. मग बाबा एकटे परत जायचे, आणि पैंजणी हौदापाशी पुढचे पाय पाण्यात घालून तासभर उभी राहायची. घरातले सगळे हसायचे, राणीसरकार पाय धुताहेत म्हणून. थोरली सगळ्यांत जास्त हसायची.

पैंजणीच्या पायांना बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. तिने तो प्रेमाचाच नियम धरला होता.

"तुम्ही मला खाली उतरू द्यायचा नाहीत," ती म्हणाली.

बाबांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

"खांद्यावर न्यायचात. मला दिसू नये म्हणून."

"लहान होतीस."

"मला वाटायचं..." ती म्हणाली.

"तुला दिसलं असतं तर तू बसली नसतीस तिच्यावर," बाबा म्हणाले. आता त्यांचाही आवाज चढला होता. "आणि मोठ्या माणसाच्या वजनाने ते पाणी सांडलं असतं. तूच हवी होतीस. मी काय तुझ्या वाईटासाठी केलं? खांद्यावर नेलं ते काय खोटं होतं?"

खोटं होतं की नव्हतं, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. तिला म्हाताऱ्याच्या नीट पाडलेल्या भांगाचा राग आला, त्या स्वच्छ सदऱ्याचा, स्वतःच्या अकरा वर्षांच्या ताठ मानेचा. सगळ्यांत जास्त राग आला तो पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांवरचे पांढरे केस ओळखणाऱ्या आणि इथे आली की आतला फोटो पुसणाऱ्या बाईचा.

फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. धाकटा तबेल्यातून जवळजवळ पळतच आला. एका हातात कोरी पट्टी, दुसऱ्या हातात तो कागद आणि पेन.

"ताई, गिऱ्हाईक आलंय. घे ना पटकन, पट्टी तरी लावू दे. एकच फेरी. पाठीचा पेशंट आहे बिचारा, दोन वर्षं शोधतोय असा घोडा."

"त्याला सांग, घोडी विकायची नाही."

"असं कसं सांगू?"

"तोंडाने."

तिने त्याच्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात सुरीबरोबर सारला. धाकटा बाबांकडे वळला.

"बाबा, तुम्ही सांगा हिला."

बाबांनी मान जरा कलती केली होती, कान फरशीकडे. उजवा हात खुर्चीच्या हातावर आला होता आणि चार बोटं वर उचललेली होती.

थोरलीने घोडी वळवली. समोर दगडी वाट सरळ फाटकापर्यंत गेली होती, धुऊन काढलेली, गिऱ्हाइकासाठी. तांबडीने पहिलं पाऊल दगडावर टाकलं आणि मान झटकन वर केली. दुसरं पाऊल तिने टाकलं नाही. थोरलीने तिच्या पायांकडे पाहिलं, मग त्या लांबलचक वाटेकडे. मग दोरी हलकेच डावीकडे ओढून तिने घोडीला वाटेच्या कडेला, गवतावर घेतलं.

गवत ओलं आणि दाट होतं. तांबडीने एक पाय ठेवला, थांबली, दुसरा ठेवला. मग तिने नाक फुरफुरवून श्वास सोडला आणि चालायला लागली. अगदी साधी चाल, कुठल्याही घोड्याची, जन्मल्या दिवशी येते ती. थोरलीला ती दोरीतून हातात जाणवत होती. एक, दोन, तीन, आणि जरा उशिराने चौथा.

फाटकाशी पाठीला पट्टा बांधलेला एक गृहस्थ गाडीच्या दाराला धरून सावकाश उतरत होता. मागे व्हरांड्यात खुर्ची करकरली.

"चिमणे," बाबा म्हणाले. "निघालीस का? चालव ना तिला."

ती चालत राहिली.

"अगं फरशीवरून ने." आवाज मोठा झाला. "ऐकू येत नाहीये मला. चिमणे? मला काहीच ऐकू येत नाहीये."

थोरलीने दोरी थोडी सैल सोडली आणि फाटकापर्यंत घोडीला गवतावरूनच नेलं.